शून्याच्या आसपासचा रस्ता

नाताळ जवळ आला की मनालीहून व्हिडिओ यायला लागतात. सोलंगच्या वरचा उतार, चाकं घट्ट थांबलेली, आणि तरीही गाडी आडवी होत संथपणे खाली येतेय. चालक दार उघडून उडी टाकतो आणि गाडी पुढच्या गाडीवर जाऊन टेकते. २०२४ च्या डिसेंबरात सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या आणि पर्यटकांना खाली आणण्यासाठी पोलिसांना रात्र जागवावी लागली. त्यावरून एका वाचकांनी विचारलं आहे : ‘जानेवारीत आम्ही स्वतःच्या गाडीने मनालीला जातोय. गाडी फोर बाय फोर आहे, म्हणजे बर्फाची काळजी नाही ना?’

काळजी आहे. फोर बाय फोरमध्ये इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते, त्यामुळे गाडी निघते छान, चढते छान. पण थांबवण्याचं काम ब्रेक करतात आणि ते प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतात. लहान हॅचबॅक असो की तीस लाखांची एसयूव्ही, थांबताना दोघींच्या हाती असतं ते रबर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण. एबीएस असेल तर चाकं अडकून बसत नाहीत आणि स्टीअरिंग ताब्यात राहतं, हे खरं. पण जे घर्षण रस्त्यावर नाहीच, ते एबीएस कुठून आणणार?

आकडे पाहू. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक ०.७ च्या आसपास असतो. ओलसर बर्फावर तो ०.१ पर्यंत, कधी त्याहूनही खाली येतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या सपाट रस्त्यावर ब्रेक लावल्यावर सुमारे ५ मीटरमध्ये थांबते, त्या बर्फावर ३५ मीटरमध्ये. आता रस्त्याला दहास एक उतार द्या, म्हणजे दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली. घाटात असे उतार पावलोपावली असतात. शाळेत शिकलेलं सूत्र सांगतं की उताराचं प्रमाण घर्षणांकाइतकं झालं की वस्तू घसरण्याच्या काठावर येते. इथे दोन्ही ०.१ आहेत. म्हणजे या उतारावर ब्रेक लावून गाडी थांबणारच नाही. हँडब्रेक ओढून उभी केलेली गाडीही जराशा धक्क्याने चालू पडेल. व्हिडिओतल्या गाड्यांचं गणित एवढंच आहे. त्यात चालकाचं कौशल्य शोधण्यात अर्थ नाही.

पण बर्फ मुळात निसरडा का? काच बर्फापेक्षा गुळगुळीत असते, तरी कोरड्या काचेवर पाय सटकत नाही. बर्फ हाही स्थायू पदार्थच, मग त्याचंच असं काय? पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या दिलं गेलेलं उत्तर आहे दाबाचं. पाण्याचा बर्फ होताना आकारमान वाढतं, म्हणून दाब दिला की बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो. जेम्स थॉमसन यांनी हे १८४९ मध्ये गणिताने मांडलं, त्यांचे धाकटे भाऊ विल्यम, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी ते प्रयोगाने पडताळलं. १८८६ मध्ये आयर्लंडच्या जॉन जोली यांनी त्यावरून स्केटिंगचा उलगडा केला : स्केटच्या पात्याखाली प्रचंड दाब, त्याने बर्फ वितळतो, त्या पाण्यावरून माणूस घसरतो.

सिद्धान्त देखणा आहे, पण गाडीला लावून पाहा. बर्फाचा वितळणबिंदू एक अंशाने खाली आणायला सुमारे १३५ वातावरणांचा दाब लागतो. टायरमध्ये आपण हवा भरतो ती ३२ पीएसआय, म्हणजे जेमतेम सव्वादोन वातावरणं. टायर रस्त्यावर दाब देतो तोही साधारण तेवढाच. त्याने वितळणबिंदू उतरेल एका अंशाच्या साठाव्या भागाने. उणे ५ अंशांच्या बर्फाला याने काय फरक पडणार? बुटातल्या माणसाचा दाब तर त्याहूनही कमी, तरी तो धाडकन पडतोच.

दुसरं उत्तर घर्षणातून निघणाऱ्या उष्णतेचं. बाउडन आणि ह्यूज यांनी १९३९ मध्ये प्रयोगांनी दाखवलं, आणि त्यातले काही प्रयोग स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखच्या उंचीवर केले, की वेगाने घसरताना जी उष्णता निर्माण होते तीच बर्फ वितळवते. हे खरं आहे आणि स्कीच्या बाबतीत महत्त्वाचंही. पण जो माणूस बर्फावर नुसता उभा आहे, त्याचे पाय का सटकतात? तिथे घासणं अजून सुरूही झालेलं नसतं.

याचं उत्तर मायकल फॅरेडे देऊन गेले होते. वीज आणि चुंबकत्व यांमुळे त्यांचं नाव घरोघरी पोचलं, पण बर्फावरचं त्यांचं काम जवळजवळ कोणालाच माहीत नसतं, याची खंत वाटते. ७ जून १८५० रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या शुक्रवारच्या व्याख्यानात त्यांनी एक साधं निरीक्षण मांडलं : वितळू लागलेले बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना लावले की चिकटून एक होतात. का? फॅरेडे म्हणाले, बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर आधीपासूनच असतो. दोन तुकडे जवळ आले की तो थर दोन्ही बाजूंनी बर्फाने घेरला जातो आणि गोठतो. केवढी झेप आहे ही! त्या काळी रेणू प्रत्यक्ष आहेत की नाहीत यावरच वाद होता, आणि हा माणूस हात लावून, डोळ्यांनी पाहून पृष्ठभागाच्या रेणूंचं वेगळेपण सांगत होता. पण थॉमसन बंधूंकडे समीकरण होतं, फॅरेडेंकडे नव्हतं. समीकरण जिंकलं आणि फॅरेडेंचा थर शंभर वर्षं अडगळीत पडला.

तो पुन्हा उजेडात आणणाऱ्यांमध्ये एक नाव जपानच्या उकिचिरो नाकाया यांचं आहे. होक्काइदो विद्यापीठात १९३६ मध्ये त्यांनी जगातला पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला, तोही सशाच्या केसाच्या टोकावर. पुढे १९५४ मध्ये त्यांनी मात्सुमोतो यांच्यासह फॅरेडेंच्या कल्पनेची परीक्षा घेतली. बर्फाचे दोन लहान गोळे दोऱ्यांनी टांगले, एकमेकांना टेकवले आणि मग हळूहळू बाजूला ओढले. गोळे चिकटले होते, पण तुटताना ताडकन न तुटता आधी एकमेकांवर सरकत फिरले. गोठून घट्ट झालेला सांधा असा फिरत नाही. मध्ये काहीतरी पातळ, हलतं असायला हवं. ना महागडं यंत्र, ना वीज. दोन दोरे आणि दोन गोळे. प्रयोग असावा तर असा. पुढच्या दशकांत क्षकिरणांनी तो थर मोजलाही गेला. बर्फाच्या आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात, ते त्याला जागेवर बांधून ठेवतात. सगळ्यात वरच्या रेणूंना वरच्या बाजूला शेजारीच नाहीत, म्हणून ते सैल असतात. शून्याजवळ हा सैल थर काही नॅनोमीटर जाड असतो आणि तापमान उतरेल तसा पातळ होत जातो.

२०२५ मध्ये जर्मनीतल्या झारलांड विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकी प्रतिरूपांच्या आधारे म्हटलं की अतिथंड बर्फावरही घसरताना रेणूंची रचना विस्कटते आणि उष्णतेशिवायच थर तयार होतो. काम मोलाचं आहे. पण ‘दोनशे वर्षांचा समज खोटा ठरला’ अशा मथळ्यांनी ते जगभर फिरलं, ते काही पटलं नाही. दाबाचा सिद्धान्त या क्षेत्रातल्या लोकांनी केव्हाच बाजूला ठेवला होता. दोनशे वर्षांचा हिशेब मांडायचाच, तर त्यात फॅरेडेंना जमेच्या बाजूला लिहायला हवं.

रस्त्याच्या दृष्टीने या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष असा : बर्फ जितका थंड, तितका तो कमी निसरडा. ऐकायला उलटं वाटतं, पण ध्रुवप्रदेशांत गेलेल्यांनी हे स्वतः अनुभवलं आहे. जून १९११ च्या अखेरीस, अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात, स्कॉट यांच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला निघाले. पारा उणे ६० अंशांपर्यंत गेला. तिथे त्यांच्या स्लेज घसरेनातच. वाळूतून ओढल्यासारख्या त्या अडत होत्या. शेवटी एक स्लेज पुढे नेऊन ठेवायची, मागे येऊन दुसरी न्यायची, असं करत तेच अंतर पुन्हा पुन्हा तुडवावं लागलं.

आता मनालीकडे वळू. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयाला धडकतात आणि तिथला हिवाळी बर्फ बहुतांशी त्यांच्यामुळेच पडतो. पूर्वी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड हिवाळाभर बंद असे. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि खिंडीपलीकडच्या लाहौलच्या लोकांची बाराही महिन्यांची सोय झाली. त्याचबरोबर ऐन हिवाळ्यात तीन हजार मीटरपर्यंत गाडी नेण्याची सोय पर्यटकांचीही झाली. या उंचीवर तापमान दिवसातून एकदा तरी शून्य ओलांडतं. दुपारी उन्हाने बर्फ पाघळतो, पाणी रस्त्यावरून वाहतं, सूर्य डोंगराआड गेला की त्याचा आरसा होतो. डांबर आरपार दिसतं म्हणून याला ब्लॅक आइस म्हणतात. लेहच्या बाजूला उणे १५ अंशांत घट्ट दबलेल्या बर्फावर चालक बऱ्यापैकी भरवशाने गाडी हाकतात. सोलंगला उणे एक अंशात तेच चालक हवालदिल होतात.

त्यात हवामानाच्या ॲपवरचा आकडा फसवा. हवेचं तापमान जमिनीपासून मीटर-सव्वा मीटर उंचीवर मोजतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते आणि हवेहून कितीतरी थंड होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी आपण थंडीत वाचतो, तेव्हाही हवेचा पारा शून्याच्या वरच असतो. घाटातल्या रस्त्याचंही तसंच. पुलावर तर खालूनही थंड हवा लागते, म्हणून आधी पूल गोठतो. सावलीतली वळणं दुपारीही सुटत नाहीत.

मग मीठ का टाकत नाहीत? उन्हाळ्यात पॉट आइस्क्रीम करताना डब्याभोवती बर्फात खडेमीठ घालतात, तीच ही क्रिया. मीठ बर्फ तापवत नाही. ते त्या पातळ थरात विरघळतं आणि त्याला पुन्हा गोठू देत नाही. बर्फ वितळत राहतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूने ओढून घेतो. पॉटमध्ये ती दुधातून येते म्हणून आइस्क्रीम जमतं. रस्त्यावर ती डांबरातून आणि हवेतून यावी लागते. कागदावर मीठ उणे २१ अंशांपर्यंत चालतं, पण उणे ९-१० च्या खाली काम इतकं रेंगाळतं की उपयोग उरत नाही. अमेरिकेत वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास मीठ रस्त्यांवर पडतं; तिथली तळी आणि भूजल त्यापायी खारट होत चालली आहेत. बियास नदीच्या उगमाशी हा प्रयोग करायला नको. वाळू-माती बरी. जपानमधल्या साप्पोरो शहरात वर्षाला जवळजवळ पाच मीटर बर्फ पडतो. तिथे चौकाचौकांत पेट्या ठेवलेल्या असतात, त्यांत बारीक खडीच्या पिशव्या. येणारे-जाणारेच पिशवी उचलतात आणि निसरड्या जागी पसरतात.

त्याच साप्पोरोचा एक धडा सोलंगला लागू पडतो. खिळ्यांच्या टायरनी डांबर खरवडून धुळीचा त्रास होऊ लागला, म्हणून जपानने १९९० मध्ये त्यांच्यावर बंदीचा कायदा केला. धूळ बसली, पण थांबत-निघत जाणाऱ्या, जागीच फिरणाऱ्या चाकांनी सिग्नलपाशी बर्फ घासून चकचकीत केला. वाहतूक कोंडी स्वतःच रस्ता निसरडा करते. हजार गाड्या एका उतारावर उभ्या राहिल्या की पाचशेव्या गाडीच्या वाट्याला येतो तो आकाशातून पडलेला बर्फ नसतो, पुढच्या चारशे नव्व्याण्णव गाड्यांनी पॉलिश केलेला असतो.

वाचकांना थोडक्यात सांगायचं तर : आपले टायर उन्हाळी रबराचे आहेत, ते ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतात. इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते त्यांना चेन लावा, उतारावर खालचा गिअर ठेवा, सूर्य डोंगराआड जाण्याआधी खाली या. त्याहून चांगलं म्हणजे स्थानिक चालकाची गाडी करा. आणि अडकलातच, तर सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढल्याशिवाय हीटरसाठी इंजिन चालू ठेवू नका. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे हिमवादळात अडकलेल्या किमान २२ जणांचा जीव गेला. बर्फात गाडलेल्या गाड्यांत साचलेला कार्बन मोनॉक्साइड हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. त्या वायूला वास नसतो.

हिमवृष्टीनंतर मनालीच्या वर फक्त फोर बाय फोर गाड्या सोडायच्या, असा नियम तिथले पोलीस वेळोवेळी लावतात. हेतू चांगला आहे, पण तो चढण्याची परीक्षा घेतो, थांबण्याची नाही. नाक्यावर विचारायला हवं ते चाकांवर काय आहे : हिवाळी टायर की चेन? आणि बघायला हवं रस्त्याचं तापमान. करोनाकाळात कपाळावर रोखल्या जाणाऱ्या थर्मामीटरचंच तत्त्व वापरून ते दुरूनही मोजता येतं, खर्च हजारांत आहे. सोलंगच्या नाक्यावर तो आकडा मोठ्या अक्षरांत लावा आणि तो शून्याकडे झुकू लागला की फाटक बंद करा.