फुकटातला समुद्र

युरोप ट्रिप म्हटलं की आपल्या डोक्यात आधी खर्चाचा आकडा येतो. व्हिसा, विमान, हॉस्टेल... हिशोब करता करताच निम्मा उत्साह मावळतो. त्यात भूमध्य समुद्राचा किनारा म्हणजे श्रीमंतांचं काम, असा आपला समज. तो अगदीच चुकीचा नाही. इटलीत कित्येक किनाऱ्यांवर छत्र्या आणि आरामखुर्च्यांच्या रांगा लागलेल्या असतात आणि दिवसाचं भाडं भरल्याशिवाय तिथे टेकता येत नाही. पण याच समुद्राच्या काठावर एक कोपरा असाही आहे, जिथे टॉवेल अंथरा आणि दिवसभर पडून राहा, कोणी एक पैसा मागायला येत नाही.

या कोपऱ्याचं नाव काबो दे गाता. स्पेनच्या आग्नेय टोकाला, आल्मेरिया प्रांतात. ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’मध्ये दिसलेला कोस्टा ब्रावा याच समुद्रावर आहे, पण पार उत्तरेला. इथलं चित्र वेगळं. जुन्या ज्वालामुखींच्या काळपट टेकड्या, निवडुंग आणि मधूनच निळं पाणी. युरोपातल्या सगळ्यात कोरड्या भागांपैकी हा एक. वर्षभरात जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस, म्हणजे मुंबईत जुलैमधल्या एखाद्या दिवसात कोसळतो तेवढा!

आल्मेरिया शहरातून सान होसे या छोट्या गावापर्यंत बस जाते. तिथून कच्च्या रस्त्याने चालत निघालात की पहिला लागतो हेनोव्हेसेस. चंद्रकोरीसारखा वळलेला, साधारण किलोमीटरभर लांबीचा किनारा. मागे वळून पाहिलं तर हॉटेल नाही, दुकान नाही, नुसतं रान. 1147 मध्ये जिनोआचं आरमार इथे नांगर टाकून होतं, त्यावरून हे नाव पडलं. आणखी पुढे गेलं की मोन्सुल. वाळूतून वर आलेला तिथला प्रचंड काळा खडक फिल्मी मंडळी लगेच ओळखतील. ‘इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड’मध्ये शॉन कॉनरी छत्री उघडून पक्ष्यांचा थवा उडवतो, तो सीन इथलाच.

आता प्रश्न असा की इतकी भारी जागा अजून मोकळी कशी?

एक कारण म्हणजे कायदा. स्पेनच्या 1978 च्या राज्यघटनेनेच किनारे सार्वजनिक मालकीचे ठरवले. पुढे 1988 च्या किनारा कायद्याने समुद्रकाठापासून आत 100 मीटरच्या पट्ट्यात नवी घरं, नवी हॉटेलं बांधायला मनाई केली. काबो दे गाता तर 1987 पासूनच संरक्षित नैसर्गिक उद्यान आहे. पण नुसत्या कायद्याने काम भागत नाही. हेनोव्हेसेस आणि मोन्सुलच्या मागची हजारो एकर जमीन फ्रान्सिस्का दियाझ तोरेस या बाईंच्या मालकीची होती. सगळे त्यांना दोन्या पाकीता म्हणत. स्पेनच्या किनाऱ्यावर बिल्डरांची झुंबड उडाली होती, त्या काळात त्यांनी जमीन विकायला ठाम नकार दिला. त्या होत्या म्हणून आज त्या टेकड्यांवर टॉवर दिसत नाहीत.

नकार दिला गेला नाही, तिथे काय होतं तेही याच उद्यानात बघायला मिळतं. कार्बोनेरास गावाजवळच्या आल्गारोबिको किनाऱ्यावर ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’साठी अकाबा शहराचा सेट उभारला होता. शूटिंग संपलं, सेट गेला. 2003 मध्ये त्याच किनाऱ्यावर 411 खोल्यांच्या हॉटेलचं काम सुरू झालं, तेही स्थानिक नगरपालिकेच्या परवानगीने. 2006 मध्ये कोर्टाने काम थांबवलं आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जागा बांधकामासाठी नाहीच, असा निकाल दिला. तरीही एकाही पाहुण्याने मुक्काम न केलेला तो पांढरा सांगाडा वर्षानुवर्षं तसाच उभा राहिला. यात व्हिलन ठरवणंही सोपं नाही. गावातल्या अनेकांना हे हॉटेल हवं होतं, कारण त्यातून नोकऱ्या मिळणार होत्या. आपल्या वयाच्या पोरांना काम शोधायला गाव सोडावं लागत असेल, तर त्यांना ‘निसर्ग जपा’ हे लांबून सांगणं फारच सोपं आहे.

आपल्याकडे ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणतात. काबो दे गाताचा किनारा फुकट आहे, पण त्यासाठी कोणीतरी करोडोंच्या ऑफरकडे पाठ फिरवली, कोणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आणि कोणाची हातातोंडाशी आलेली नोकरी गेली.

कधी शिकायला किंवा फिरायला स्पेनला गेलातच, तर इथे एक दिवस नक्की काढा. शक्यतो मे-जून किंवा सप्टेंबरमध्ये. ऐन उन्हाळ्यात गाड्यांवर मर्यादा असते आणि पार्किंगचे पैसे पडतात. किनाऱ्यावर सावली मिळणार नाही, तेव्हा टोपी आणि भरपूर पाणी हवंच. तंबू ठोकायला परवानगी नाही. वाळूवर तपकिरी पात्यांचे ढीग दिसले तर नाक मुरडू नका. ती पोसिडोनिया नावाची समुद्री वनस्पती आहे आणि लाटांच्या माऱ्यात वाळू धरून ठेवायचं काम ती करते. आणि हो, सॅकमध्ये एक रिकामी पिशवी टाका. खाऊची पाकिटं, बाटल्या, जे जे नेलंत ते सगळं त्यातून परत आणायचं. एवढं भाडं मात्र भरायलाच हवं!