गळ्यातली घरघर, मांडीतली चरचर
संध्याकाळी धार देऊन निवांत रवंथ करणारी म्हैस पहाटे मान ताणून उभी असते. जीभ बाहेर, तोंडाला लाळ, ताप 105 अंशांच्या पुढे, गळ्याखाली गरम सूज. आणि श्वासागणिक घरघर. गावात याला गळसुजी म्हणतात, पशुवैद्यक म्हणतात घटसर्प. उपचार लांबला तर जनावर दिवसभरातही जाते.

शेतकऱ्याला वाटते, रोग बाहेरून आला. ते नेहमीच खरे नसते. ‘पाश्चुरेला मल्टोसिडा’ हा जंतू धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या घशातही दबा धरून असतो. उन्हाळाभर चाऱ्याची ओढाताण झालेली असते, वर पहिल्या पावसात भिजणे होते. अंगातली ताकद खचली की त्याचे फावते.

फऱ्याची तऱ्हा उलटी. तो हडकुळ्याला सोडतो आणि सहा महिने ते दोन वर्षांचे, गोठ्यातले सगळ्यात गुबगुबीत वासरू गाठतो. दृष्ट लागली असे कुणी म्हटले तर नवल नाही! वासरू एकाएकी लंगडते, म्हणून ‘एकटांग्या’. मातीतून पोटात गेलेले जंतूंचे बीजाणू मांसल भागात जागे होतात आणि तिथे वायू तयार होतो. फऱ्यावरची सूज बोटांनी दाबली की चरचर आवाज येतो. रोगनिदानाची ही खूण कळायला यंत्र लागत नाही.

खात्री मात्र काचपट्टीवरच होते. घटसर्पाच्या रक्ताचा पातळ थर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की जंतूची दोन्ही टोके गडद आणि मधला भाग फिका दिसतो. मेलेले जनावर कुजू लागले असेल तर पायाचे लांब हाड प्रयोगशाळेत पाठवतात. आतल्या मगजात जंतू जास्त काळ टिकतो.

पण प्रत्येक मेलेल्या जनावराला सुरी लावायची नसते. कसलेही दुखणे न दिसता ते कोसळले आणि नाकातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त आले, तर फाशी, म्हणजेच काळपुळीचा संशय धरायचा. शव फाडले की जंतूंना हवा लागते, बीजाणू बनतात आणि ते वर्षानुवर्षे मातीत टिकतात. रोग माणसालाही होतो. म्हणून पशुवैद्यक हातमोजे घालून कानाच्या शिरेतले थेंबभर रक्त तेवढे घेतात. मिथिलीन ब्लूच्या जुन्या, मुरलेल्या द्रावणात रंगवल्यावर चौकोनी टोकांच्या निळ्या कांड्या आणि भोवती गुलाबी आवरण दिसते. याच जंतूचे जीवनचक्र 1876 मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने उलगडले. पुढे 1889 मध्ये जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा पुण्यात सुरू झाली. चार वर्षांत ती कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला हलली. आज ती भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

घटसर्प, फऱ्याची लस पावसाआधी टोचून घेता येते. ब्रुसेलोसिस मात्र ना सूज दाखवतो, ना आवाज करतो. सातव्या-आठव्या महिन्यात गाभडलेली गाय दोन-चार दिवसांत पुन्हा चारा खाऊ लागते आणि मालक उघड्या हातांनी वार उचलून टाकतो. तिथेच त्याला संसर्ग होऊ शकतो. मग महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप. हा रोग गोठ्यात आहे का, हे पाहण्याची एक साधी चाचणी दुधावरच होते. नळीतल्या दुधात रंगवलेल्या मृत जंतूंचे द्रावण मिसळून ते तासभर कोमट ठेवतात. वर आलेल्या सायीत निळे कडे उमटले आणि खालचे दूध पांढरे राहिले, की गोठ्यातल्या एकेका गाईचे रक्त तपासायला घेतात.