शाहूपुरीतला नाताळ

कोल्हापूर रेल्वे स्थानकातून न्यू शाहूपुरीकडे आलं, की वायल्डर मेमोरियल चर्च लागतं. डिसेंबरच्या अखेरीस इथे रोषणाई होते, कागदी तारे टांगले जातात, गव्हाणीचा देखावा मांडला जातो. पण इथला नाताळ समजून घ्यायचा तर आत जाऊन बसावं आणि उपासना ऐकावी. ती सगळी आपल्या मराठीत असते.

चर्चला नाव आहे रेव्हरंड रॉयल वायल्डर यांचं. अमेरिकेतून आलेला हा मिशनरी आधी अहमदनगरला होता, १८५२ मध्ये कोल्हापुरात आला आणि इथे त्याने शाळा काढल्या. त्याचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला आणि पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थी मिशनरी चळवळीचा अग्रणी झाला. आयर्विन ख्रिश्चन आणि एस्तेर पॅटन या शाळा, शेजारी मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये उघडलेलं रुग्णालय, ही मिशनच्या कामाची पुढची वाटचाल. या शाळांत शिकलेली आणि त्या दवाखान्यात बरी झालेली माणसं सर्व जातिधर्मांची होती.

नाताळची गोष्ट आपल्याला ऐकून माहीत असते. ती कोल्हापूरच्या मातीत ठेवून पाहिली की वेगळीच जवळची वाटते. येशूच्या जन्माची वार्ता सर्वांत आधी कळली ती रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाला जाणारे, खतासाठी शेतात मेंढरं बसवून उघड्यावर रात्र काढणारे धनगर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या वार्तेचं मोल वेगळं सांगायला नको. राजवाड्याला कळण्याआधी ती रानातल्या माणसाला कळली. मला नाताळातला सगळा आनंद याच क्रमात दिसतो.

आणि नाताळातली आशा? येशूची आई मरिया हिला बाळंतपणाच्या रात्री उतारशाळेत जागा मिळाली नाही. खेड्यातून शिकायला आलेल्या पोरांनाही शहरात असाच थारा नव्हता, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात समाजासमाजासाठी वसतिगृहं उभी केली. त्यांत इंडियन ख्रिश्चन वसतिगृहही होतं. ज्याला जागा नाही त्याला जागा करून देणं या शहराने असं प्रत्यक्ष केलेलं आहे. म्हणून नाताळचा संदेश इथे परका वाटत नाही.

उपासनेत मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या हाती असतं ते ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक. त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीतं आहेत. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगाच्या, भजनाच्या वळणाने मराठीत आणली. पेटी-तबल्यावर गीत सुरू झालं, की नवखा माणूसही दुसऱ्या कडव्याला टाळी धरतो. घरोघरी केकच्या जोडीला करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या असतात, आणि फराळाचं ताट शेजारी जातं. दिवाळीत तिकडून आलेलं असतं, नाताळात इकडून जातं.

यंदा २५ डिसेंबरला सकाळी वेळ काढा. उपासनेची वेळ आधी विचारून घ्या, मागच्या बाकावर बसा आणि संपल्यावर पाळकांना व मंडळींना ‘नाताळच्या शुभेच्छा’ म्हणून मगच घरी या.