गोठलेल्या सरोवराचा तळ कसा वाचावा?

भूगोलाच्या तासाला आपण समोच्चरेषांचा अभ्यास करतो. रेषा दाटीने आल्या म्हणजे चढ उभा आणि विरळ असल्या म्हणजे प्रदेश सपाट, हे सूत्र विद्यार्थ्यांना पाठ असते. हेच सूत्र पाण्याखालच्या भूमीलाही लागू पडते, याचा मात्र आपणांस सहसा विसर पडतो. सारख्या खोलीची स्थळे जोडणाऱ्या रेषांना समखोली रेषा म्हणतात. थंड देशांत हिवाळ्यात मासे धरणारे लोक त्या रेषांचा उपयोग मोठ्या चातुर्याने करतात.

कॅनडात टोरोंटो शहराच्या उत्तरेस सिम्को नावाचे सरोवर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 720 चौरस किलोमीटर आहे. कडक हिवाळ्यात त्याचा पृष्ठभाग गोठला, की माणसे बर्फावरून चालत आत जातात, मोठ्या गिरमिटाने वीतभर रुंदीचे भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडतात. नौकेतून जागा बदलणे सोपे असते. येथे प्रत्येक नव्या जागेसाठी नवे भोक पाडावे लागते. शिवाय थंडीमुळे माशांची हालचाल मंदावते आणि भक्ष्यासाठी ते दूरवर धावत नाहीत. म्हणून जागेची निवड आधी नकाशावरच करावी लागते.

मासे कोठे असतील, याचे उत्तर पाण्याच्या गुणधर्मात आहे. पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून थंड पाणी हलके होऊन वर राहते व गोठते. खालचे पाणी त्या मानाने उबदार राहते. पण केवळ ऊब पुरत नाही. बर्फामुळे हवेचा संपर्क तुटतो, वर हिम साचले की प्रकाशही अडतो. मग पाणवनस्पती प्राणवायू देईनाशा होतात आणि तळाशी कुजू लागल्या की उलट असलेला प्राणवायू खर्च करतात. ऊब, प्राणवायू आणि भक्ष्य या तिन्ही गोष्टी जेथे जुळतात, तेथे माशांचा शोध घ्यावा.

आता नकाशा उघडू. प्रथम एकक पाहावे; आकडे मीटरचे, फुटांचे की फॅदमचे? 1 फॅदम म्हणजे 6 फूट. येथे चूक झाली, तर पुढचे सारे अनुमान कोसळते. नंतर प्रमाण पाहावे. समजा, नकाशावर 1 सेंटिमीटर म्हणजे 500 मीटर. 5 आणि 10 मीटरच्या रेषांत 2 मिलिमीटर अंतर असेल, तर तळ अवघ्या 100 मीटरांत 5 मीटर खाली जातो. तेच अंतर 4 सेंटिमीटर असेल, तर तेवढ्याच उतारासाठी 2 किलोमीटर चालावे लागेल. रेषेचे बंद कडे दिसले, की आतील आकडा पाहावा. तो लहान असेल तर तेथे बुडालेला उंचवटा आहे, मोठा असेल तर खळगा. उंचवट्याच्या कडा आणि उताराचा पायथा ही विशेष लक्ष देण्याजोगी स्थाने होत.

सिम्कोच्या दोन आखातांत हा भेद स्पष्ट दिसतो. पश्चिमेकडील केंपेनफेल्ट आखातात रेषा काठाजवळ दाटतात आणि खोली सुमारे 40 मीटरपर्यंत जाते. तेथे थंड, खोल पाण्यातील ट्राउट व व्हाइटफिश यांचा शोध घेतात. दक्षिणेकडील कुक आखात उथळ व वनस्पतींनी भरलेले आहे. तेथे पर्च माशांचे थवे आढळतात. हिवाळ्याच्या आरंभी हिरव्या वनस्पतींच्या कडेला शोधावे. त्या कुजू लागल्या, की जवळच्या अधिक खोल पाण्याकडे वळावे.

नकाशा अनुमान देतो, प्रमाण देत नाही. म्हणून भोक पाडल्यावर दोरीला शिशाचे वजन बांधून खोली मोजतात. वजनाला चिखल लागला की खडी, हेही पाहतात. आकडा जुळला नाही, तर थोडे सरकून पुन्हा मोजतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट तर या नकाशात मुळीच नसते. ती म्हणजे बर्फाची जाडी. एका माणसाला चालण्यासाठी स्वच्छ, घट्ट बर्फ किमान 10 सेंटिमीटर जाड असावा लागतो. हिम मिसळलेला पांढरा बर्फ त्याहून बराच दुबळा असतो. कुक आखातात हॉलंड नदी येऊन मिळते. नदीच्या मुखाशी पाणी वाहते असल्याने बर्फ पातळ राहू शकतो, आणि समखोली रेषा पाहून ते कळत नाही. म्हणून जाणकार मनुष्य नकाशा खिशात ठेवून पहाराईने बर्फ ठोकीत आणि ठिकठिकाणी जाडी मोजीत पुढे जातो. जाडी कमी भरली, तर नकाशावरील जागा कितीही उत्तम असो, तो तेथूनच मागे फिरतो.