‘वाचलेला माणूस’ : एका डच धातुसाधिताच्या निमित्ताने

डच भाषेत ‘बेलेझन’ असा एक शब्द आहे. रूपाने तो भूतकालवाचक धातुसाधित. ‘लेझन’ म्हणजे वाचणे. त्याला ‘बे’ हा उपसर्ग लागलेला. अर्थ मात्र ‘पुष्कळ वाचलेला, व्यासंगी’. येथेच अडचण उद्भवते. डचमध्ये सकर्मक धातूचे हे रूप सामान्यतः कर्माचे विशेषण होते : ‘खेलेझन बूक’ म्हणजे वाचलेले पुस्तक. ‘बेलेझन’ मात्र कर्त्याला, वाचणाऱ्याला लागते. (मंत्र म्हणून भूत उतरविणे असाही या धातूचा जुना अर्थ आहे, त्या अर्थाने ‘बेलेझन’ माणूस मांत्रिकाने झाडलेला ठरेल! मराठीतही ‘वाचलेला माणूस’ ग्रंथांतून तरला की अपघातातून, हे संदर्भावरूनच कळते.)

‘खेस्टुडेर्त’ म्हणजे शिकलेला आणि घोडेस्वार पोलिसांना लावले जाणारे ‘बेरेडन’ हे शब्द याच जातीचे. परंतु ते मोजके व रूढीने ठरलेले आहेत. त्यांच्यामागे कर्म जोडून ‘शाकुंतल वाचलेला विद्यार्थी’ अशी रचना डचमध्ये साधत नाही. तेथे संबंधी उपवाक्यच योजावे लागते.

मराठीत ती सहज साधते. ‘मी वाचलेले शाकुंतल’ आणि ‘शाकुंतल वाचलेला विद्यार्थी’ हे दोन्ही प्रयोग शुद्ध आहेत. पाणिनीने (३.४.७२) ‘क्त’ प्रत्ययाला कर्तरी अर्थ दिला, तो गत्यर्थक, अकर्मक व काही नामनिर्दिष्ट धातूंपुरता. मराठी त्यापुढे गेली. म्हैसुरात कानावर पडणारी कन्नड तर याहूनही उदार आहे : ‘ओदिद’ हे एकच रूप, लिंगवचनाने न बदलता, वाचणाऱ्यालाही लागते आणि वाचलेल्या पुस्तकालाही, ‘मी ज्याने लिहिले ते पेन’ हेदेखील कन्नडमध्ये धातुसाधितानेच सांगता येते. मराठीत ‘मी लिहिलेले पेन’ चालत नाही. कन्नडच्या सान्निध्याचा हा परिणाम असावा, असे मानण्यास जागा आहे. सांगलीजवळच्या कुपवाड येथे मराठी, कन्नड व उर्दू यांच्या वाक्यरचना किती जवळ आल्या आहेत, हे गम्पर्झ व विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखविलेच आहे.

असे असता ‘-लेला’ला सरसकट ‘कर्मणि’ म्हणून शिकविणे मला घातक वाटते. त्यामुळे परभाषिक विद्यार्थी निर्दोष वाक्य खोडतो, आणि अनुवादक ‘शाकुंतल वाचलेला विद्यार्थी’ सोडून ‘ज्या विद्यार्थ्याने शाकुंतल वाचले आहे असा तो’ असे लिहू लागतो.