आधी धुराचा रंग बघा

१ जूनला बंद झालेली मासेमारी १ ऑगस्टला सुरू होते. दोन महिने शाकारून ठेवलेली नौका पाण्यात उतरते, इंजिन धूर सोडते आणि बंदरावर सल्ल्यांचा बाजार भरतो. कुणी म्हणतो नोझल गेले, कुणी म्हणतो इंजिनच उतरवा. इंजिन उतरवायचे म्हटले की घरातल्या बाईच्या बांगड्यांवर नजर जाते. म्हणून मिस्त्रीला बोलावण्याआधी धूर नीट बघावा.

पांढरा धूर थंड इंजिनातून थोडा वेळ येणारच. गरम झाल्यावरही येत राहिला तर तो हवेत लगेच विरतो की रेंगाळतो ते पाहा. विरला तर वाफ, रेंगाळून डिझेलचा वास मारला तर न जळलेले डिझेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजले असावेत. हे काम मात्र मिस्त्रीचेच.

काळ्या धुराला लोक सर्वांत जास्त घाबरतात, आणि खर्च बहुधा तिथेच वाचतो. डिझेलला पुरती हवा मिळाली नाही किंवा इंजिनवर ताकदीबाहेर ओझे पडले की धूर काळा होतो. गियर न टाकता इंजिन साफ चालते आणि गियर टाकताच काळे ओकते, तर आधी पाण्याखाली बघा. पंख्याला जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला असतो किंवा नौकेच्या बुडाला कवचवाल्या जिवांचा थर चढलेला असतो. खरवडणीला मेहनत लागते, बांगड्या लागत नाहीत.

ओझे टाकल्यावर धूर न होताच इंजिन दम सोडत असेल तर डिझेल पोचत नाही असे समजा. अर्धवट भरलेल्या टाकीत पावसाळ्यात पाणी साचते, पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुळबुळीत गाळ धरतो आणि तो फिल्टरमध्ये बसतो. टाकीच्या तळाचे पाणी काढा, फिल्टर बदला, मग लाइनमधली हवा काढा.

जुन्या नौकांचे एक खास दुखणे आहे. यातल्या कित्येक शिडासाठी बांधल्या गेल्या, इंजिन मागाहून बसले. (आपला ‘नाखवा’ फारसी ‘नाखुदा’वरून आला, म्हणजे नावेचा धनी, तो शब्दही शिडाच्या काळातलाच.) त्यामुळे इंजिन पाण्याच्या रेषेखाली खोल बसते आणि धुराचा पाइप वळणे घेत बाहेर जातो. धुरात समुद्राचे पाणी सोडून तो थंड करण्याची सोय असेल, तर ज्या कोपऱ्यात पाणी धुराला मिळते तिथे काजळी आणि क्षार साचतात. पाइपचे भोक बोटाएवढे उरते. इंजिनला श्वास सोडताच येत नाही, मग घेणार कुठून? पुन्हा काळा धूर. तो कोपरा खोलून बघायला फार वेळ लागत नाही, तरी नोझल आधी बदलले जातात!

अशाच इंजिनला सुरू होत नाही म्हणून स्टार्टर मारत राहू नये. पंप फिरून पाणी ओढत राहतो, पण ते बाहेर ढकलायला धुराचा जोर नसतो. ते मागे फिरून सिलिंडरमध्ये शिरते. दोन-तीनदा सुरू झाले नाही की समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करावा आणि इंजिन सुरू होताच लगेच उघडावा. गजावरचे ऑइल दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर पाणी आत गेले आहे. मग स्टार्टरला हातही लावू नका.

आता घरच्यांनी विचारायची गोष्ट. पाइपला चीर पडली, सांधा सैल झाला की धूर केबिनमध्ये येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रात्री इंजिन चालू ठेवून आत झोपलेल्या खलाशांचे डोके दुखते, उलटीसारखे होते, आणि ते ‘दर्या लागला’ म्हणून पुन्हा आडवे होतात. अशा वेळी माणसाला आधी उघड्यावर न्यावे, इंजिन बंद करावे. सांध्याभोवती काजळीची काळी रेघ दिसली तर गळती तिथेच आहे. नौका निघण्यापूर्वी दिवसाउजेडी, टॉर्च घेऊन, पाइप शेवटपर्यंत बघून घ्यावा.