सरोगसीचा कायदा आणि इच्छुक दांपत्य

दुसऱ्या स्त्रीने आपल्या गर्भाशयात मूल वाढवून जन्मानंतर ते इच्छुक दांपत्याच्या स्वाधीन करणे, म्हणजे सरोगसी, ही भारतात २५ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या अधिनियमानुसार केवळ परोपकारी स्वरूपात करता येते. म्हणजेच वैद्यकीय व अन्य विहित खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा यांपलीकडे त्या स्त्रीला कोणताही मोबदला देता येत नाही. पत्नीचे वय २३ ते ५०, तर पतीचे २६ ते ५५ वर्षे असावे लागते. ३५ ते ४५ वयाच्या विधवा व घटस्फोटित स्त्रियांना मुभा असून अविवाहितेला मात्र ती नाही, आणि या भेदाचे समर्थन करणे कठीण आहे. सरोगेट माता विवाहित किंवा पूर्वविवाहित, स्वतःचे अपत्य असलेली, २५ ते ३५ वयाची असावी. तिला आयुष्यात एकदाच हे करता येते आणि स्वतःचे बीज देता येत नाही.

दांपत्यांचे बहुधा दुर्लक्ष होते ते न्यायालयीन टप्प्याकडे: जिल्हा वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्राबरोबरच प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांकडून पालकत्व व ताबा यांविषयीचा आदेश आधीच मिळवावा लागतो, कारण तोच पुढे जन्माचा पुरावा ठरतो. गर्भरोपणापूर्वी सरोगेट मातेला संमती मागे घेता येते.